मिसूरीचा चित्रकार आणि तीन मतांची निवडणूक

हॉलिवूडने आपल्या डोक्यात वेस्ट म्हणजे घोडा, पिस्तूल आणि मागे लाल डोंगर असं इतकं घट्ट बसवून ठेवलंय की अमेरिकन फ्रंटियरवरची चित्रं म्हटल्यावर आपण तेच शोधत बसतो. मी मिसूरी राज्यातल्या सेंट लुईसला राहायला आले तेव्हा माझ्याही डोक्यात तेच होतं. आणि इथल्या आर्ट म्युझियममधे बघते तर काय, पत्ते खेळणारे नावाडी, भाषणबाजी करणारे पुढारी, दारू पिऊन पडलेले मतदार. पिस्तूल एकाच्याही हातात नाही. चित्रकाराचं नाव जॉर्ज केलेब बिंगहॅम. तेव्हापासून हा माणूस माझ्या मागे लागलाय (किंवा मी त्याच्या), म्हणून आज एकदाचं लिहून टाकते.

बाकीचे चित्रकार म्हणजे कॅटलिन, बोडमर वगैरे पूर्वेकडून नाहीतर थेट युरोपातून यायचे, नदीतून वर जायचे, तिथल्या आदिवासींची चित्रं काढायचे आणि माल घेऊन परत. बिंगहॅम मात्र इथलाच. जन्म व्हर्जिनियातला, १८११ चा, पण ८ वर्षांचा असताना घरचे सगळं बिऱ्हाड घेऊन मिसूरी नदीकाठच्या फ्रँकलिन नावाच्या गावी आले. तो १८२३ मधे १२ वर्षांचा असताना वडील गेले, आई मुलींची शाळा चालवून घर रेटायची. पुढे मुलगा सुतारकामाला, म्हणजे फर्निचर करणाऱ्याकडे शिकाऊ म्हणून राहिला, आणि मग पोर्ट्रेट काढत गावोगाव हिंडायला लागला. चित्रकलेचं शिक्षण म्हणाल तर १८३८ मधे फिलाडेल्फियाला काही महिने, बाकी सगळं पुस्तकातली आणि छापील चित्रं बघून बघून. ज्या फ्रँकलिनमधे तो लहानाचा मोठा झाला ते गाव १८२० च्या दशकातच नदीने खाऊन टाकलं, लोकांनी घरं उचलून उंचावर नेली आणि नवं फ्रँकलिन वसवलं. तर अशा माणसाने जन्मभर नदी काढली यात नवल नाही, नवल हे की त्याच्या चित्रातली नदी कधीच चिडलेली नसते!

त्याचं सगळ्यात गाजलेलं चित्र न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममधे आहे, 'फर ट्रेडर्स डिसेंडिंग द मिसूरी', १८४५ चं. मी तिथे जाऊन पाहिलंय. मोठं असेल असं वाटलं होतं, पण जेमतेम अडीच फूट बाय तीन फूट. पहाटेचं धुकं, काचेसारखं पाणी, एक लांबडी डोंगी. मागे म्हातारा फ्रेंच व्यापारी वल्हं धरून बसलाय, तोंडात पाइप, आणि आपल्याकडे असा बघतोय की तुम्ही कोण टिकोजीराव. मधे त्याचा पोरगा मालाच्या गाठोड्यावर रेलून निवांत, समोर बंदूक आणि मारलेलं बदक. आणि पुढच्या टोकाला साखळीने बांधलेलं एक काळं जनावर, दोन कान वर, पाण्यात त्याचं प्रतिबिंब. वर्षानुवर्षं लोक त्याला मांजर म्हणायचे, कोणी कोल्हा म्हणायचे. पण ते अस्वलाचं पिल्लू आहे. बिंगहॅमने १८५१ मधे हेच दृश्य परत काढलं, ते चित्र डेट्रॉइटला आहे, त्यात पिल्लू अगदी स्वच्छ ओळखू येतं. पण मला पहिल्या चित्रातलं ते नक्की-काय-आहे-कळत-नाही जनावरच जास्त आवडतं.

आता गंमत बघा. हे चित्र काढलं त्याच्या अडीच दशकं आधी, म्हणजे १८१९ मधेच, फ्रँकलिनच्या धक्क्याला पहिली वाफेची बोट लागली होती. १८४५ पर्यंत नदीत स्टीमबोटींची नुसती रांग. डोंगीतून एकटादुकटा फर घेऊन येणारा फ्रेंच म्हातारा हा तोवर जवळजवळ इतिहासजमा झालेला. आणि मिसूरी नदीचं पाणी? तिला लोक बिग मडी म्हणतात हो! मी काठावर उभं राहून पाहिलंय, दूध जास्त झालेल्या चहाचा रंग असतो. काच कुठली आलीय. म्हणजे रोजचं जगणं वगैरे आपण म्हणतो ते या चित्रात त्या दिवसाचं नाही, लहानपणी ऐकलेलं-पाहिलेलं, धुऊन पुसून मांडलेलं आहे.

का, तर गिऱ्हाईक न्यूयॉर्कला होतं. अमेरिकन आर्ट-युनियन नावाची एक संस्था होती, वर्षाला ५ डॉलर वर्गणी, त्यात प्रत्येक सभासदाला एक छापील चित्र घरपोच आणि वर्षाअखेरीला मूळ पेंटिंग्जची लॉटरी. चक्क लॉटरी. (शेवटी त्या लॉटरीपायीच कोर्टकचेरी होऊन १८५० च्या दशकात संस्था बंद पडली.) तर या लोकांनी ते डोंगीवालं चित्र ७५ डॉलरला घेतलं. बिंगहॅमने नाव दिलं होतं त्यात म्हातारा फ्रेंच आणि पोरगा मिश्र रक्ताचा असं सरळ होतं, म्हणजे आई आदिवासी, तशी घरं त्या धंद्यात भरपूर होती. संस्थेने नाव बदलून गुळगुळीत करून टाकलं. मार्केटिंग तेव्हाही होतंच.

मग १८४६ चं 'द जॉली फ्लॅटबोटमेन'. फ्लॅटबोट म्हणजे सपाट बुडाची, चौकोनी, प्रवाहाबरोबर वाहत जाणारी मालाची नाव. वर यायचा प्रश्नच नाही, न्यू ऑर्लिन्सला माल विकायचा, नाव मोडून लाकूड विकायचं आणि माणसांनी दुसऱ्या वाटेने परत. चित्रात छपरावर आठ जण, एक हात वर करून नाचतोय, एक फिडल वाजवतोय, एक पोरगा पत्र्याच्या भांड्यावर ताल धरतोय, बाकीचे टेकून बसलेत. या चित्राचे प्रिंट आर्ट-युनियनने १८४७ मधे आपल्या जवळपास १०,००० सभासदांना वाटले, त्यामुळे मिसूरीचा हा गडी एका फटक्यात देशभर पोचला. खरं सांगू? मला हे चित्र फार भावत नाही. सगळे इतके नीट त्रिकोणात बसलेत की लग्नातल्या ग्रुप फोटोसारखं वाटतं, फोटोग्राफरने हलू नका म्हटल्यासारखं. कोणाचा शर्ट घामाने भिजलेला नाही. नदीतले बुडालेले ओंडके, ज्यांच्यावर आदळून बोटी फुटायच्या, गाळात रुतणं, ताप, काही नाही.

त्याच्या नदीवरच्या चित्रांत कामच नाही म्हटलं तरी चालेल. पत्ते, पाइप, गप्पा, मालाची राखण. याला एक कारण असं वाटतं की पूर्वेच्या लोकांच्या डोक्यात नावाडी म्हणजे मारामाऱ्या करणारे रानटी अशी प्रतिमा होती, आणि बिंगहॅमला दाखवायचं होतं की बाबांनो आमची माणसं सरळ आहेत, यांच्याशी व्यापार करा. तो व्हिग पक्षाचा. नद्या साफ करायला, बंदरं बांधायला केंद्र सरकारने पैसा द्यावा ही व्हिगांची मागणी, आणि प्रेसिडेंट पोकने नेमकी तीच बिलं व्हेटो केली. १८४७ मधे बिंगहॅमने गाळात रुतलेल्या स्टीमबोटीचं चित्र काढलं, त्यात बोट पार लांब मागे आणि पुढे तिचा माल उतरवून घेतलेल्या नावेवर माणसं बसून गप्पा हाणतायत. वरवर मजेशीर, आत टोमणा.

कामाची पद्धतही सांगण्यासारखी आहे. आधी तो एकेका माणसाचं वेगळं चित्र कागदावर करायचा, पेन्सिल आणि वर ब्रशने शाईच्या छटा, टोपीची घडी, बुटाचा पोचा, कोपर गुडघ्यावर कसं टेकलंय, सगळं तिथेच पक्कं. मग ती माणसं उचलून कॅनव्हासवर बसवायची. त्यामुळे एकदा ही ड्रॉइंग्ज बघितली की मोठ्या चित्रातही प्रत्येकजण आपापल्या कागदावरून चालत आलाय असं दिसायला लागतं. आणि माझं मत विचाराल तर ड्रॉइंग्ज पेंटिंगपेक्षा सरस आहेत. त्यात माणूस पोज द्यायच्या आधी सापडलाय.

आता मुख्य मुद्दा. हा माणूस स्वतः निवडणुकीला उभा राहिला! १८४६ मधे मिसूरीच्या विधानसभेसाठी, समोर इरॅस्मस सॅपिंग्टन. हे सॅपिंग्टन घराणं म्हणजे ॲरो रॉक या गावचं बडं प्रस्थ, बाप डॉक्टर, क्विनाइनच्या तापाच्या गोळ्या विकून गब्बर झालेला (नदीकाठी मलेरिया किती होता ते यावरूनच समजा). बिंगहॅम ३ मतांनी निवडून आला. फक्त ३. सॅपिंग्टनने तक्रार केली, प्रकरण विधानसभेत गेलं, तिथे बहुमत सॅपिंग्टनच्या पक्षाचं, मग काय, जागा गेली. बिंगहॅम इतका वैतागला की रोलिन्स नावाच्या मित्राला त्याने पत्र लिहिलं, हे एकदा संपलं की अंगावरचे कपडे काढून पुरणार, वाळूने अंग घासून आंघोळ करणार आणि राजकारणाच्या चिखलात पुन्हा पाय ठेवणार नाही. १८४८ मधे साहेब परत उभे, समोर परत तोच सॅपिंग्टन, आणि या वेळी व्यवस्थित निवडून आले.

त्यानंतर १८५२ ला त्याने 'द काउंटी इलेक्शन' काढलं, ते आमच्या सेंट लुईसच्या म्युझियममधे आहे. बाबा इथे आले होते तेव्हा त्यांना मुद्दाम दाखवायला नेलं. बाबा झेडपीच्या शाळेत शिक्षक, म्हणजे जन्मभर इलेक्शन ड्युट्या केलेल्या, केंद्राध्यक्ष म्हणून कुठल्या कुठल्या वाड्यावस्त्यांवर पेट्या सांभाळत रात्री काढलेल्या. बाकीच्या चित्रांसमोरून ते छान छान करत पुढे गेले आणि या चित्रासमोर जे थांबले ते हलेनात.

"अगं, गुप्त मतदान कुठंय?" पहिला प्रश्न. नाहीच बाबा, त्या काळी मिसूरीत मत तोंडाने सांगायचं. कोर्टाच्या पायऱ्यांवर लाल शर्टातला माणूस बायबलवर हात ठेवून शपथ घेतोय, की मी आधी मत दिलेलं नाही वगैरे, मग नाव मोठ्याने सांगायचं आणि मागचा कारकून वहीत लिहून घेणार. सगळ्या गावाला कळणार कोणी कोणाला दिलं.

"आणि हा कोण टोपी काढून वाकलाय?" उमेदवार. रांगेतल्या मतदाराला कार्ड देतोय. तो सॅपिंग्टनच आहे असं म्हणतात. "शंभर मीटरच्या आत उमेदवार! मी तर उचलून बाहेर काढला असता." मग त्यांना डावीकडची दारू दिसली. एक जाडा गडी खुर्चीत पसरलाय आणि त्याच्या ग्लासात सायडर ओतली जातेय. इकडे एक पार झिंगलेला, मान टाकलेला, त्याला दुसऱ्याने काखेत धरून उभा केलाय आणि मताला नेतोय. उजवीकडे बाकावर डोक्याला फडकं बांधून एक जण बसलाय, सकाळीच कुणाशी तरी झालेली दिसते. वर निळा झेंडा, त्यावर लिहिलंय लोकांची इच्छा हाच सर्वोच्च कायदा. बाबा ते वाचून इतके मोठ्याने हसले की गार्डने वळून पाहिलं. आणि पायऱ्यांजवळ एक जण खाली बसून मांडीवरच्या कागदावर काहीतरी काढतोय, दोघं वाकून बघतायत, तो खुद्द बिंगहॅम आहे असं मानतात.

समोर मातीत दोन पोरं चाकू फेकायचा खेळ खेळतायत, त्यांना कशाचंच सोयरसुतक नाही.

ही चेष्टा आहे की कौतुक? मला वाटतं दोन्ही, आणि म्हणूनच हे चित्र नदीच्या चित्रांच्या कैक पटीने वर जातं. इथे तो न्यूयॉर्कच्या गिऱ्हाइकासाठी काही धुऊन पुसून देत नाहीये. हा त्याचा स्वतःचा हिशोब आहे, ३ मतांचा, पण सूड म्हणून काढलेलं नाही, कारण प्यायलेला माणूसही त्याने जिव्हाळ्याने काढलाय.

मात्र या गर्दीत बाई एकही नाही. काळा माणूस एकच, तो सायडर ओतणारा. मिसूरी तेव्हा गुलामगिरीचं राज्य होतं आणि बिंगहॅम राहायचा तो पट्टा तर हेम्प (दोरखंडासाठीचं पीक) आणि तंबाखूच्या शेतीचा, जिथे शेतातलं काम गुलामांच्याच जिवावर चालायचं. ती शेतं त्याने काढली नाहीत. आणि ओसेज लोक, ज्यांची ही जमीन होती, त्यांच्याकडून १८०८ आणि १८२५ च्या करारांनी ती काढून घेतली गेली. डोंगीवाल्या चित्राबरोबरच त्याने आर्ट-युनियनला अजून एक चित्र पाठवलं होतं, खडकाआड बंदूक घेऊन दबा धरून बसलेला ओसेज योद्धा, नाव 'द कन्सील्ड एनिमी', म्हणजे छुपा शत्रू. आता त्या शांत डोंगीकडे परत बघा, म्हातारा कुणाकडे रोखून बघतोय असं वाटतं? माझं तर ते चित्र कळल्यापासून धुक्याकडे बघणंच बदललं.

अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात तो राज्याचा खजिनदार झाला, पुढे ऑर्डर नंबर ११ वर (मिसूरीच्या पश्चिम सीमेवरच्या लोकांना घरं सोडायला लावणारा लष्करी हुकूम) संतापून एक भलंमोठं चित्र काढलं, त्यात सगळे हात वर करून नाटक केल्यासारखे उभे आहेत. त्यावर फार बोलत नाही. गेला १८७९ मधे, कॅन्सस सिटीत.

ती ड्रॉइंग्ज मात्र थोडक्यात वाचली. सेंट लुईसच्या मर्कंटाइल लायब्ररीकडे ११२ होती, १९७० च्या दशकात ती विकायला निघाली, तेव्हा गव्हर्नरने मोहीम काढून पैसे उभे केले, शाळेतल्या पोरांनीही वर्गणी दिली, आणि ती राज्याच्या लोकांच्या नावावर राहिली.

कोणाला यायचं असेल तर फॉरेस्ट पार्कमधलं आर्ट म्युझियम फुकट आहे, सोमवारी बंद असतं. निवडणुकीवरची त्याची तीन मोठी चित्रं आहेत, तिन्ही तिथेच. गाडी असेल तर पश्चिमेला अडीचेक तासांवर ॲरो रॉक, तिथे त्याचं छोटं विटांचं घर अजून उभं आहे, गावात माणसं शंभरसुद्धा नाहीत. नदी मात्र गावापासून बरीच लांब सरकलीय, ती बघायची तर बूनव्हिलला जा.