गच्चीवरचे कमांडो आणि आमचा टीव्ही

बाबा तेव्हा डेक्कन क्वीनचे पासवाले होते. २६ नोव्हेंबर २००८, बुधवार. सीएसटीवरून पाच दहाची क्वीन पकडून ते रोजच्यासारखे कर्वेनगरला घरी आले, आणि जेवणं आटोपेपर्यंत तेच सीएसटी टीव्हीवर दिसायला लागलं. गँगवॉर असेल, असं आधी चॅनेलवाले म्हणत होते. मी पाचवीत. बाबांचा पास फ्रीजवर पडला होता. आईने तो उगाचच उचलला, उलटसुलट केला आणि परत ठेवला.

पुढे शनिवारी सकाळी ताज मोकळं होईपर्यंत आमचा टीव्ही चालूच. आई त्याच्यासमोरच भाजी निवडायची. सगळ्यात पक्कं आठवतं ते नरिमन हाउस. शुक्रवारी सकाळी हेलिकॉप्टरमधून दोर सोडून कमांडो गच्चीवर उतरत होते आणि मी युनिफॉर्म घालून, एका पायात मोजा चढवून बघत बसले होते. खरी लढाई, तीही घरबसल्या! निवेदक तर कोण कुठून आत शिरणार तेही सांगत होता. आम्हाला त्याचं कौतुकच वाटलं होतं. बिचारे दिवसरात्र उभे आहेत, म्हणायची आई.

कॉलेजात कायदा शिकताना कसाब खटल्याचं सर्वोच्च न्यायालयाचं निकालपत्र वाचायला लागलं. २९ ऑगस्ट २०१२ चं. त्यात वाहिन्यांवर सरळ ताशेरे आहेत. अतिरेकी आत लपलेले, पण बाहेरच्या जवानांच्या जागा, हत्यारं, हालचाली सीमेपलीकडे बसलेले त्यांचे साथीदार टीव्हीवर बघत होते आणि फोनवरून आत कळवत होते. असल्या प्रक्षेपणाला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं पांघरूण घालता येणार नाही, असंही कोर्टाने बजावलंय. भारताने पाकिस्तानला जी पुराव्यांची फाइल दिली, तिच्यात ते फोनही आहेत. ओबेरॉयमधल्या एकाला पलीकडून सांगितलं जातंय, मीडिया तुमच्या कामगिरीची तुलना ९/११ शी करतोय. शाबासकीच ती.

म्हणजे मोजा घालता घालता मी जे बघत होते, तेच तेही बघत होते.

माझा बातम्यांवरचा विश्वास उडाला तो इथे. आणि गंमत बघा, त्या दिवशी टीव्हीने खोटं काहीच दाखवलं नव्हतं. कमांडो खरेच उतरत होते. खोट्याचं काय, ते आज ना उद्या उघडं पडतं. पण कुणाच्या जिवावर बेतेल याची फिकीर न करता दाखवलेलं खरं? त्याची तक्रार कुठल्या खिडकीवर करायची? अतिरेकीविरोधी कारवाईचं थेट प्रक्षेपण बंद करणारा केबलचा नियम आला २०१५ मध्ये. तब्बल सहा वर्षं उलटून गेल्यावर.

बाबांना हे पटत नाही. 'त्या रात्री आपल्या डब्यातले कोण कुठे अडकलेत ते आम्हाला टीव्हीमुळेच कळलं. उशिराची गाडी धरणारेही होते आमच्यात.' यावर माझ्याकडे खरंच उत्तर नाही.

गेल्या वर्षी, मे २०२५ मध्ये, भारत-पाकिस्तान संघर्षात पुन्हा तेच. या वेळी तर खरंही नव्हतं. कराची बंदर उद्ध्वस्त, म्हणून रात्रभर आरडाओरडा, आणि मागे हवाई हल्ल्याचा इशारा देणारा भोंगा. आजीने ७१ च्या युद्धातला ब्लॅकआउट गिरगावात काढलेला. भोंगा ऐकून ती उठली, गॅलरीतला दिवा मालवला, देवघरातला बल्बही बंद केला आणि आम्हाला खिडक्यांपासून लांब बसायला सांगितलं. टीव्हीतला आवाज आहे हे समजावताना माझ्या नाकी नऊ आले. कार्यक्रमांत हे भोंगे वाजवू नका, असं सरकारला पत्रक काढून सांगावं लागलं, यावरून काय ते समजा.

बाबांनी त्या रात्री आवाज बंद केला, टीव्ही नाही. खालच्या पट्टीवर बातम्या पळतच होत्या. काका फॅमिली ग्रुपवर त्याच पट्टीचे फोटो काढून टाकत होते, मी प्रत्येकाखाली 'कुणी सांगितलं?' एवढंच लिहीत होते. सकाळी काकांनी मला ग्रुपमधून काढलं. दिवाळीच्या फराळाचं ठरवायची वेळ आली तेव्हा परत घेतलं.