बिंगली ते सॉल्टेअर: नदी, कालवा आणि रेल्वे

लीड्सहून स्किप्टनकडे जाणारी गाडी सॉल्टेअर सोडते आणि पाचेक मिनिटांत बिंगलीला पोहोचते. तेवढ्या वेळात खिडकीतून दिसते ती झाडी आणि मध्येच पाण्याची एखादी लकेर. ते पाणी नदीचं की कालव्याचं, हे गाडीतून काही केल्या कळत नाही. इंग्लंडच्या यॉर्कशरमधली एअर नदीची ही दरी इथे इतकी चिंचोळी आहे की नदी, कालवा आणि रेल्वे या तिघांना एकमेकांना खेटूनच जावं लागतं. बिंगलीला उतरून सॉल्टेअरपर्यंत चालत यायचं मी ठरवलं, ते हा गुंता पायांनी सोडवून बघायला. अंतर जेमतेम पाच किलोमीटर. चढ जवळजवळ नाहीच.

मात्र बिंगलीला उतरल्यावर आधी उलट्या दिशेला, म्हणजे उत्तरेला जायचं. कालव्याच्या काठाने दहा-पंधरा मिनिटांवर ‘फाइव्ह राइज लॉक्स’ (लॉक म्हणजे पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेणारी, दारं लावलेली हौदांची सोय) आहेत आणि ते न बघता पुढे जाणं म्हणजे शुद्ध करंटेपणा. कालव्याचं पाणी सपाट राहायला हवं आणि इथे तर डोंगर आडवा आलेला. मग 1774 साली पाच मोठे दगडी हौद जिन्यासारखे एकावर एक बांधले. वरच्या हौदाचं खालचं दार तेच खालच्या हौदाचं वरचं दार. या पाच पायऱ्यांत बोट 59 फूट 2 इंच, म्हणजे साधारण 18 मीटर चढते. सबंध ब्रिटनमध्ये लॉकचा इतका उभा जिना दुसरा नाही. उद्घाटनाला 30,000 माणसं लोटल्याचं त्या वेळच्या वृत्तान्तात म्हटलंय, आणि तिथे उभं राहिल्यावर ते पटतंही.

मी पोहोचले तेव्हा एक निळी नॅरोबोट तळाशी येऊन थांबली होती. वर जाणाऱ्या बोटीसाठी तळाचा हौद रिकामा आणि वरचे चारही भरलेले लागतात. क्रम चुकला तर कुठे पाणी काठावरून उसळतं, तर कुठे बोट तळाला टेकते. म्हणून इथे बोटवाल्यांच्या भरवशावर काही सोडत नाहीत, लॉककीपर जातीने हजर असतात. दाराला जोडलेला लाकडी दांडा माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवर असतो. जमिनीत अर्धवर्तुळात उंचट दगडी पट्ट्या बसवलेल्या असतात, त्यावर टाच रोवायची आणि दांड्याला पाठ लावून रेटायचं. मी हात लावून ढकलायला गेले तर तिथले आजोबा हसले. म्हणाले, “हातांनी नाही, बुडाने ढकला!” दोन्हीकडचं पाणी एका पातळीला येईपर्यंत दार तसूभरही हलत नाही. ते आलं की तेच अजस्र दार इतक्या सहज सरकतं की क्षणभर आपल्याच ताकदीचा भ्रम होतो. दाराच्या फटींतून पाण्याच्या पिचकाऱ्या उडत होत्या, काळ्या पडलेल्या लाकडावर शेवाळाचे पोपटी पट्टे होते. या जिन्याच्या माथ्यापासून पुढे गारग्रेव्ह गावापर्यंत 17 मैल एकही लॉक नाही. म्हणजे सगळा त्रास एकदाच काढून मोकळं व्हायचं, असा हिशोब.

लीड्स ते लिव्हरपूल हा सगळा कालवा 127 मैलांचा. 1770 मध्ये काम सुरू झालं आणि 1816 मध्ये संपलं. ज्यांनी पहिली कुदळ मारली त्यांच्यातल्या किती जणांनी शेवटचा टप्पा पाहिला असेल, कोण जाणे. आणि तो पुरा होऊन जेमतेम तीस वर्षं झाली असतील, तोवर 1847 मध्ये याच दरीतून रेल्वे धावू लागली.

परत फिरून बिंगली गावातून जाणारा तुकडा काही खास नाही. एका बाजूला रेल्वे, जवळून जाणारा मोठा रस्ता, मध्ये कालवा मुकाट पडून. गाड्यांच्या आवाजात बदकांचाही आवाज ऐकू येत नाही. पाय उचलून पुढे व्हावं.

गाव मागे पडलं की डाउली गॅपला दोन हौदांचं एक छोटं लॉक लागतं आणि त्याच्या पुढेच मला हवा होता तो गुंता सुटतो. इथे कालवा नदी ओलांडतो. पाण्याने भरलेला कालवाच पुलावरून जातो आणि सात कमानींखालून एअर वाहते. गंमत म्हणजे वरून चालताना हे कळतच नाही. कालवा जरा अरुंद होतो, कठडा दगडी होतो, एवढंच. बाजूने खाली उतरून नदीकाठी गेलं की मग कमानी दिसतात. डोक्यावर एखादी बोट निवांत चाललेली असते आणि पायाशी नदी दगडांवरून खळखळत, वळणं घेत आपल्या मर्जीने जात असते. नदी उतार बघून जाते, कालवा उतार टाळत जातो. एवढा फरक पुस्तकातही असतो, पण इथे दोघं एकावर एक उभी आहेत.

पुढे हर्स्ट वूड. ओक आणि बीचची जुनी झाडी, पानांच्या थराने मऊ झालेली जमीन, आणि झाडांपलीकडून मधूनच जाणारी गाडी. आता नदी डाव्या हाताला, रेल्वे उजव्या हाताला आणि आपण मधोमध.

मग वळणावर सॉल्टेअरची गिरणी येते. येते म्हणजे काय, अंगावरच येते. टायटस सॉल्ट हा ब्रॅडफर्डचा लोकरीचा बडा कारखानदार, तिथला महापौरही होता. धुराने आणि रोगराईने बेजार झालेल्या ब्रॅडफर्डमधून त्याने आपला सगळा कारभार इथे आणला. 1853 मध्ये, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, त्याने ही गिरणी सुरू केली. तिचा दर्शनी भाग 545 फूट लांब आहे. जागा का निवडली हे चालत आल्यावर कुणी सांगावं लागत नाही: कोळसा आणि लोकर आणायला एका अंगाला कालवा, दुसऱ्या अंगाला रेल्वे, पलीकडे नदी. बोटींतला माल थेट गिरणीत उतरवायचा.

मजुरांसाठी त्याने 800 च्या वर घरं बांधली, शाळा, चर्च, बाग, सभागृह दिलं, रस्त्यांना बायकोमुलांची नावं दिली. गुत्ता मात्र दिला नाही. मला हा माणूस पुरता उमगत नाही. त्याने दिलेली घरं आजही हेवा वाटावा अशी आहेत, पण मालकाच्याच घरात राहणारा मजूर मालकापुढे कितपत तोंड उघडू शकत असेल? युनेस्कोने 2001 मध्ये हे गाव जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

गिरणी 1986 मध्ये बंद पडली. पुढच्याच वर्षी उद्योजक जोनाथन सिल्व्हर यांनी ती विकत घेतली आणि ब्रॅडफर्डचेच चित्रकार डेव्हिड हॉकनी यांची चित्रं तिथे लावली. तळमजल्याच्या त्या दालनात अजून दगडी फरशी आणि लोखंडी खांबांच्या रांगा आहेत. चित्रांइतकाच वेळ मी खांब बघण्यात घालवला.

सॉल्टेअर स्टेशन गिरणीच्या अगदी दाराशी आहे. याची कथा उलटी: गिरणीत यंत्रं चालू असताना, 1965 मध्ये हे स्टेशन बंद केलं. 1984 मध्ये पुन्हा उघडलं, तर दोन वर्षांत गिरणीच थांबली. आता फलाटावर लीड्स-ब्रॅडफर्डला कामाला जाणारे लोक उभे असतात, आणि त्यातले काही जण सॉल्टच्या मजुरांच्या घरांतच राहतात.