भोंग्याचं तोंड कुठल्या वाडीकडं?

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी गावात पोचलो की पहिला वाद भोंग्याचं तोंड कुणीकडं करायचं यावरून व्हायचा. आमचे वडील, म्हणजे अण्णा, मांडवाकडं तोंड करून भोंगा बांधायला लागले की नवरीचा कुणीतरी चुलता पुढं यायचा. "आवं, आमाला काय ऐकवताय? आमी हितंच हाय. त्यो पल्याडच्या वाडीकडं फिरवा. त्यास्नी कळूं दे लगीन हाय म्हणून." अण्णा मुकाट्यानं पुन्हा लिंबावर चढायचे. खाली उतरून हात झटकेपर्यंत नवरीचे मामा यायचे. त्यांची वाडी दुसऱ्या अंगाला असायची.

शेवटी अण्णांनी दुसरा भोंगा घेतला. भोंगे भाड्यानं देण्याच्या आमच्या धंद्याची पहिली वाढ झाली ती अशी.

अण्णा मूळचे वायरमन. साताऱ्यात मोती चौकाच्या मागच्या एका बोळात, वाड्याच्या देवडीत त्यांनी १९६९ साली दुकान मांडलं. दुकान म्हणजे एक फळी, एक कपाट आणि बाहेर भिंतीला टेकवलेली सायकल. भांडवल म्हणजे बॅटरीवर चालणारा एक जुना ॲम्प्लिफायर, एक भोंगा, एक माईक, चावीचा ग्रामोफोन आणि पत्र्याच्या ट्रंकेत चाळीसेक तबकड्या. कोयनेचं धरण आमच्याच जिल्ह्यात, पण तिथली वीज आधी लांबच्या कारखान्यांत पोचली आणि आमच्या डोंगरातल्या वाड्यांवर फार उशिरा. म्हणून बॅटरी. मोटारीची ती जड बॅटरी कॅरिअरला बांधायची, भोंगा पाठीला अडकवायचा आणि निघायचं. ॲसिड सांडून अण्णांच्या प्रत्येक पायजम्याला भोकं पडलेली असायची. आई म्हणायची, धंद्याचा नफा पायजम्यातच जातो.

मी सात-आठ वर्षांचा झालो तेव्हापासून सुट्टीत त्यांच्याबरोबर जायचो. माझं काम चावी देण्याचं. लाखेची ७८ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी तबकडी एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं वाजते. तेवढ्यात पुढची काढून पुसायची, पोलादी सुई बदलायची, चावी द्यायची. ग्रामोफोनची चावी उतरली की गाणं गायला लागलेली बाई हळूहळू पुरुषाच्या आवाजात जायची आणि मांडवात हशा व्हायचा. म्हणजे रात्रभर कुणीतरी जागं बसलंच पाहिजे. आज मोबाइलवर गाण्यांची यादी लावून देतात आणि वाजवणारा जेवायला जातो, त्याचं मला अजून नवल वाटतं. सत्तरच्या सुमाराला ७८च्या तबकड्या निघायच्या बंद झाल्या, मग छोट्या ४५च्या आणि मोठ्या लाँगप्ले आल्या. लाँगप्लेची एक बाजू वीस-बावीस मिनिटं चालायची. तेवढ्यात मी झोपून जायचो.

पहाटे पाचला पहिली तबकडी बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या सनईची. त्यात बदल नाही. मग भक्तिगीतं, त्यात प्रल्हाद शिंदे आलेच. ऊन चढल्यावर सिनेमाची गाणी. वाई भागात गेलं की शाहीर साबळ्यांची तबकडी लावावीच लागे, कारण शाहीर तिथल्याच पसरणीचे. एकदा ट्रंकेत ती नव्हती तर यजमानांनी भाड्यातले दोन रुपये कापले. सुलोचना चव्हाणांच्या लावण्या रात्री, बायका आत गेल्यावर लावायच्या असा पुरुषांचा समज. बायका दाराआडून आम्हाला तीच पुन्हा लावायला सांगायच्या.

जेवणावळीनंतर आहेर पुकारायचे. हे काम अण्णा दुसऱ्या कुणाला देत नसत. कुणाकडून पाच भांडी, कुणाकडून लुगडं-चोळी, कुणाकडून रोख अकरा रुपये, सगळं नावानिशी भोंग्यावरून जायचं. गावाचा मानपान त्या माईकवर टांगलेला. कुणाचं नाव चुकलं तर पुढची दहा वर्षं येणं-जाणं बंद. पण कुणी एक-दोन रुपयेच दिले असले तर अण्णा आकडा सांगत नसत. "यांच्याकडून रोख रक्कम" एवढंच म्हणायचे आणि घाईनं पुढचं नाव घ्यायचे. मला ते कळायला वेळ लागला. एकदा मीच माईक धरला आणि "रोख रुपये एक" असं खणखणीत पुकारलं. परतीच्या वाटेवर साताऱ्यापर्यंत अण्णा माझ्याशी बोलले नाहीत.

भाडं रोख मिळायचंच असं नाही. शेंगा, ज्वारी, घेवडा, जे असेल ते. वाघ्या घेवड्याचं पोतं सायकलवर आलं की आई शेजारी वाटून टाकायची.

यात्रा म्हणजे वेगळंच काम. पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा मार्गशीर्षात, कडाक्याच्या थंडीत. रथावर भाविक नोटांच्या माळा घालतात, शेजारी खिलार बैलांचा बाजार, तमाशाच्या कनाती, पाळणे, रेवड्यांचे ढीग. आमच्या माईकपाशी हरवलेली पोरं आणून बसवायचे. अण्णांनी त्यांच्यासाठी एक घोंगडं आणि रेवड्यांची पुडी ठेवलेली असायची. एका वर्षी तीन-चार वर्षांचा एक पोरगा आला. नाव काय? "बाळ." गाव कुठलं? "आमचं." बापाचं नाव? "दादा." पांढरा सदरा, खाकी चड्डी असं पुकारावं तर यात्रेतली निम्मी पोरं तशीच. तासभर पुकारून दमल्यावर अण्णांनी त्याच्या हातातली रेवडी काढून घेतली. पोरानं जो टाहो फोडला, तो त्यांनी माईक पुढं धरून चारी भोंग्यांवर सोडला. पाच-सात मिनिटांत त्याची आई बैलबाजाराच्या बाजूनं पदर सावरत पळत आली. पोराला उचललं, अण्णांना हात जोडले आणि मग पोराच्या पाठीत धपाटा घातला. रेवडी परत दिली का, हे मला आठवत नाही.

गणपतीत सिनेमा दाखवायचं काम आम्ही सत्तरीच्या मध्याला घेतलं. सोळा मिलिमीटरचं यंत्र दुसऱ्याचं, आवाज आमचा. पेठेत रस्त्याच्या मधोमध दोन खांबांना पांढरा कपडा ताणायचा. मोठ्या रिळाला पाऊण तास लागायचा, म्हणजे तीन तासांच्या सिनेमाला चार रिळं आणि मध्ये तीन सुट्ट्या. त्या सुट्टीत भजी, फुटाणे, मंडळाच्या वर्गणीदारांची नावं आणि "सायकली रस्त्यातून काढा" ही सूचना. गर्दी पडद्याच्या दोन्ही बाजूंना बसायची. मागच्या बाजूला बसणाऱ्यांना सगळं उलटं दिसायचं: नायक डाव्या हातानं गोळी झाडायचा, नावांच्या पाट्या उलट्या. आमच्या बोळातली पोरं कायम मागं बसायची, कारण तिथं जागा मिळायची. पुढं कितीतरी वर्षांनी घरी टीव्हीवर तोच सिनेमा लागला आणि माझा मित्र म्हणाला, "काहीतरी चुकलंय, हा डावखुरा होता."

टेपरेकॉर्डर आला तसा तबकड्यांचा मान गेला. दुकानात मी कॅसेट भरून द्यायला सुरुवात केली. गिऱ्हाईक वहीच्या कागदावर गाण्यांची यादी आणायचं आणि आम्ही तबकड्यांवरून साठ मिनिटांच्या कॅसेटवर उतरवून द्यायचो. एका बाजूला तीस मिनिटं, त्यामुळे शेवटचं गाणं हमखास मध्येच तुटायचं. हा धंदा कायद्यात बसत नव्हता, हे तेव्हाही माहीत होतं. सगळेच करत होते, हे काही उत्तर नव्हे. पण आमच्या घराचा पहिला मजला त्या कॅसेटींवर उभा आहे, हे लपवून वाटचाल लिहिण्यात अर्थ नाही.

टीव्ही साताऱ्यात लोकांनी आधी सिंहगडावरच्या टॉवरच्या भरवशावर आणला. गच्चीवर उंच पाइप, त्यावर अँटेना, खाली बूस्टर. एक जण वर पाइप फिरवतोय, एक जण खिडकीतून "आलं, आलं... गेलं!" ओरडतोय. चित्रापेक्षा मुंग्याच जास्त. अँटेना बसवायचं काम आम्हाला बरं मिळालं. १९८४ मध्ये मी आखातातून आलेला एक व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही भाड्यानं द्यायला घेतला, तेव्हा अण्णा बिनसले. त्यांचं म्हणणं एकच, "लोक नुसते बघत बसणार. मग आपण पुकारायचं काय?"

पुकारायला काही उरलं नाही, हे खरं. पण पैसे दिसले. मारुतीच्या देवळापुढं टेबलावर टेबल, त्यावर टीव्ही. एका रात्रीत तीन सिनेमे. क्रम ठरलेला: पहिला देवाधर्माचा म्हाताऱ्यांसाठी, दुसरा मराठी घरगुती बायकांसाठी, तिसरा मारामारीचा. प्रत्यक्षात म्हाताऱ्या तिसऱ्यापर्यंत हलत नसत. मध्यरात्री चित्रावर पट्टे यायला लागले की मी झाकण उघडून दहाची कोरी नोट व्हीसीआरच्या हेडवर हळूच फिरवायचो. स्पिरिट होतं, पण नोट फिरवली की लोकांचा विश्वास बसायचा. वीज गेली तर कुणी उठायचं नाही. अंधारात पुढची गोष्ट काय होणार यावर वाद व्हायचे, आणि वीज आल्यावर सिनेमातली गोष्ट त्यापेक्षा फिकी निघायची.

जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ रविवारी सकाळी रामायण लागायचं. त्या दीड वर्षात रविवारच्या लग्नाला साउंडबरोबर टीव्हीही मागायचे. एका लग्नात भटजी स्वतः म्हणाले, "मुहूर्ताला अजून अवकाश आहे, तोवर लावा." वऱ्हाड, आचारी, बँडवाले आणि मुंडावळ्या बांधलेला नवरा, सगळे एकाच सतरंजीवर.

मग केबल आली. १९९२-९३ पर्यंत आमच्या पेठेत घरोघर वायर गेली आणि व्हीसीआरचं भाडं वर्षाच्या आत निम्म्यावर आलं. आमच्या धंद्याचं हे कायमचं दुखणं. जी वस्तू आम्ही एका रात्रीपुरती भाड्यानं नेतो, ती चार-पाच वर्षांत स्वस्त होऊन गिऱ्हाइकाच्या घरात जाऊन बसते. तबकडीचं तेच झालं, टेपचं तेच, व्हीसीआरचं तेच. घरात न मावणारी एकच गोष्ट उरली, ती म्हणजे मोठा आवाज.

इथं मला थोडं सांगायचं आहे. आमच्याकडं ज्याला "डॉल्बी" म्हणतात त्या स्पीकरच्या भिंती आल्या, तेव्हा मुलाचा आग्रह होता की आपणही घालू. इतरांनी कर्ज काढून घातल्या. आम्ही घातल्या नाहीत. त्यामागं फार मोठं तत्त्व होतं असं भासवणार नाही. आम्हीही पहाटे पाचला भोंगा लावून आजाऱ्यांना उठवलेलं आहे. एकदा दहावीचा एक मुलगा मांडवात येऊन रडवेल्या आवाजात म्हणाला होता, "काका, उद्या गणित आहे." अण्णांनी भोंगा काढून खाली ठेवला आणि यजमानांच्या शिव्या खाल्ल्या. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा बंदी घातली, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली. ते वाचून मला त्या मुलाची आठवण झाली. पण खरं कारण सांगायचं तर डॉल्बीपुढं उभं राहिलं की माझ्या छातीत धडधडायचं आणि शब्द एकही कळायचा नाही. ज्या आवाजात शब्द कळत नाही तो विकायचा कसा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. त्या काळात निम्मी मंडळं गेली. एका मंडळाकडं दोन वर्षांचं येणं होतं, तेही गेलं.

अण्णा २००८ साली गेले. शेवटपर्यंत दुकानात बसून माईकच्या वायरींना डाग द्यायचे.

२०२०च्या लग्नसराईत एकही तारीख लागली नाही. त्या उन्हाळ्यात रिक्षावर दोन भोंगे बांधून "घराबाहेर पडू नका" हे मीच गल्लोगल्ली पुकारलं. आयुष्यभर लोकांना एकत्र बोलावलं आणि ते काम नेमकं उलटं. त्याचं बिल अजून एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातंय.

सध्या आम्ही शाळांची स्नेहसंमेलनं, कीर्तनं, हरिपाठ, छोटे सभागृह-कार्यक्रम घेतो. सूनबाई हिशेब आणि तारखा बघतात, मुलगा सभागृहांत कायमची ध्वनियंत्रणा बसवून देतो. माझ्याकडं जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हवर उतरवून द्यायचं काम असतं. परवा एक बाई कॅसेट घेऊन आल्या. लेबलावर माझंच अक्षर, १९८६ सालचं. मी ऐकून म्हटलं, "ताई, शेवटचं गाणं मध्येच तुटलंय, दुसरीकडून पूर्ण आणून लावू का?" त्या म्हणाल्या, "नको, आमच्या घरी ते तिथंच संपतं."

पहिला भोंगा अजून दुकानात टांगलेला आहे. युनिट बदललं आहे, वाजतो. भाड्यानं देत नाही, पण कुणाला ऐकायचा असेल तर तबकडी लावून दाखवतो. तोंड मात्र भिंतीकडं करून ठेवलंय. समोर आता दवाखाना झालाय.