ओळखीच्या काकू क्लायंट म्हणून समोर आल्या तेव्हा

बडोद्यात एमएसडब्ल्यू (सोशल वर्कची मास्टर्स डिग्री) करताना सेकंड इयरला माझं फिल्डवर्क एका फॅमिली काउन्सेलिंग सेंटरमध्ये होतं, आठवड्यातले दोन दिवस. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) पावसाळ्यात एक दिवस समोरच्या खुर्चीत ज्या काकू येऊन बसल्या त्या दांडिया बाजारच्या, आमच्याकडे चैत्रातल्या हळदीकुंकवाला येणाऱ्या. मला बघून त्यांनी पटकन पदर हातावर ओढला पण मनगटावरचा काळानिळा डाग दिसलाच. "अगं, तू इथे?" म्हणाल्या नि रडायलाच लागल्या.

मी चुकले ती इथेच. "काकू, काळजी करू नका, मी कुण्णालाच सांगणार नाही," असं बोलून गेले आणि तासभर सगळं ऐकून घेतलं.

प्रोसेस रेकॉर्डिंग, म्हणजे क्लायंटशी झालेल्या बोलण्याची सविस्तर नोंद, लिहिताना नाव गाळलं होतं, पण वाडा, नवऱ्याची नोकरी, मुलीची शाळा सगळं लिहिलेलं. सुपरव्हायझर मॅडमनी त्या तिन्हींवर लाल काट मारली, म्हणाल्या, हे वाचून इथला कुठलाही मराठी माणूस घर ओळखेल. आणि "कुणालाच" म्हणालीस ना, मग मला कसं सांगितलंस? खरंच की, सुपरव्हिजन असतं, फाईल सेंटरमध्ये राहते, जिवाला धोका असेल तर बोलावंच लागतं, आणि लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे कळवणं सक्तीचंच. हे सगळं आधी सांगायचं असतं, क्लायंटने तोंड उघडायच्या आधी.

डॉक्टरांना कौन्सिल आहे, वकिलांना बार कौन्सिल आहे, आपल्याकडे सगळ्या सोशल वर्करसाठी तसं काही नाही. १९९७ चं टाटा इन्स्टिट्यूटचं नीतिमत्तेचं डिक्लरेशन आम्ही शिकलो, पण ते मोडलं म्हणून कुणाचं लायसन्स जात नाही, म्हणून मला तरी ती लाल काट फार मोलाची वाटते.

ओळखीतली केस स्वतःकडे ठेवायची नाही हेही ठरलं, पण काकूंना विचारूनच. पुढच्या वेळी मी आधी माफी मागितली, मग दुसऱ्या वर्करबद्दल सांगितलं. "म्हणजे परत पहिल्यापासून सगळं सांगू?" त्यांचा आवाज एवढा थकलेला होता की मला केस सोडूच नये असं वाटलं. मग बराच वेळ गप्प बसून म्हणाल्या, "गुजराती असली तर चालेल. मराठी नको."

गुजराती ताईंनी त्यांना २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा, त्याखाली मदत करणारा प्रोटेक्शन ऑफिसर, १८१ अभयम ही बायकांसाठीची हेल्पलाइन, सगळं समजावलं एवढं मला माहितीये. तक्रार करायची की नाही हे काकूंनी ठरवायचं. त्यानंतर मी ती फाईल उघडली नाही, विचारलंही नाही.

गणपतीत आईने विचारलं, "त्या काकू आल्या नाहीत गं यंदा?" मी मोदकाचं ताट घेऊन आत गेले. आईपासून काही लपवायची सवय नाही मला, फार जड गेलं.

चैत्रात काकू आल्या. बाहेर भेटल्यावर ओळख आपण दाखवायची नसते, क्लायंटने दाखवली तरच. त्या सगळ्यांशी बोलत होत्या, माझ्याकडे बघितलं नाही. मी बाकीच्यांना दिलं तसंच त्यांच्याही हातात भिजवलेले हरभरे घातले आणि म्हटलं, "काकू, पन्हं घ्या ना."