खांडसहून भीमाशंकर, ओढ्याच्या काठाकाठानं

महाशिवरात्रीला आम्ही कर्जतकडच्या खांडसहून भीमाशंकरला चालत जातो. पुण्याकडून गाडी थेट देवळाजवळ पोचते, पण कोकणातून कडा चढताना जे रान भेटतं त्याची सर त्या रस्त्याला नाही.

पायथ्याशी साग, ऐन, कुडा. माघ सरत आलेला, त्यामुळे साग निष्पर्ण आणि पायाखाली पाचोळ्याचा चुरा. मग घळ लागते आणि ऊन मागे राहतं. ओढ्यात पाणी डबक्यांपुरतंच, तरी दोन्ही काठ हिरवेगार: जांभूळ, करंज, आंबा, उंबर. पावसात कड्यावरून सुटलेली माती इथं धोंड्यांच्या आड साठते, घळीच्या पोटात ऊन थोडाच वेळ उतरतं, म्हणून ओल टिकते. दहा पावलांवरचा उतार मात्र उघडाबोडका.

एका उंबराखाली टेकलो. फळं खोडालाच लगडलेली. दगडावर फुटलेल्या एका फळात चिलटांहून बारीक किडे वळवळत होते. उंबराची फुलं फळाच्या पोटातच असतात आणि परागीभवन हेच किडे करतात. मला हे दर वेळी नव्यानं थक्क करतं. वर गारंबीचा मांडीएवढा वेल या झाडावरून त्या झाडावर गेलेला, शेंगा हातभराहून लांब.

पदरवाडीत ताक मिळालं. देणाऱ्या मावशी म्हणाल्या, "दादा, फुडं चढ छातीवर येतो, पन सावली हाय." खरंच होती. पदराच्या, म्हणजे कड्याच्या मधल्या सपाटीच्या, वर रान सदाहरित होत जातं. अंजनीच्या काटक्यांना निळ्या-जांभळ्या फुलांचे बारके झुबके चिकटलेले, हिरड्याच्या शेंड्याला शेकरूचं घरटं. 1985 साली अभयारण्य झालं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून लोकांनी देवाचं रान म्हणून इथल्या रायांना कुऱ्हाड लावली नाही.

माथ्यावर पाणी दोन वाटांनी जातं. आम्ही चढलो त्या बाजूचं कोकणात उतरतं, पलीकडचं भीमा होऊन वाहतं आणि पंढरपुरात चंद्रभागा म्हणवतं. वारकऱ्यानं एकदा तरी हे रान पायी बघावं असं मला मनापासून वाटतं.

फक्त मळलेली वाट सोडू नका. गर्दीत लोक आडवे घुसून चढतात, कारवी तुडवली जाते. सात वर्षांनी फुलणारं ते झुडूप उतारावरची माती धरून ठेवतं. यंदा दोन वळणांवर कारवी गेली होती आणि माती ओढ्यात उतरली होती.