१६ ऑक्टोबर आणि उशिरा येणारा मॉर्टन

आमच्या सरकारी मेडिकल कॉलेजात वर्षाचे तीन सण ठरलेले. हॉस्टेलचा गणपती, गॅदरिंग आणि भूल विभागाचा १६ ऑक्टोबर. पहिल्या दोन्हींना वर्गणी मागायला पोरं दारात यायची. तिसऱ्याला वर्गणी नव्हती, पण रेसिडेंटांकडून, म्हणजे एमडी करणाऱ्या डॉक्टरांकडून, कामाच्या रूपाने ती सव्याज वसूल व्हायची. १८४६ साली याच तारखेला बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने गिल्बर्ट ॲबटला ईथर हुंगवलं आणि जॉन वॉरन या बुजुर्ग सर्जनने सगळ्यांदेखत त्याच्या मानेवरच्या गाठीवर शस्त्रक्रिया केली. म्हणून हा जागतिक भूल दिन. त्या दिवशी ओटीची, म्हणजे ऑपरेशन थिएटरची, यादी आखूड ठेवायचे. इमर्जन्सी अर्थातच चालू.

सकाळी ओटी कॉम्प्लेक्सच्या दारात रांगोळी. रेषा सिस्टर काढायच्या, रंग भरायला पहिल्या वर्षाचे रेसिडेंट. विषय दरवर्षी बॉइल मशीन, म्हणजे भूल द्यायचं यंत्र, आणि सिलिंडरचे रंग बरोबरच हवेत: ऑक्सिजन काळा, त्याचा खांदा पांढरा, नायट्रस म्हणजे लाफिंग गॅस निळा. विभागप्रमुख मॅडम चप्पल काढून कडेला उभ्या राहायच्या आणि तिथेच विचारायच्या, "पिन इंडेक्स?" ऑक्सिजन दोन-पाच, नायट्रस तीन-पाच, हे म्हटल्याशिवाय आत जाता यायचं नाही. एका वायूचा सिलिंडर दुसऱ्याच्या जागी बसूच नये म्हणून पिनांची ही सोय असते. पुस्तकात वाचून दर परीक्षेला ती पुन्हा पाठ करावी लागायची. रांगोळीपाशी ऐकवलेली मात्र अजून झोपेतही सांगता येईल.

नऊ वाजता ओपीडीच्या पोर्चमध्ये पुतळे मांडले जायचे. कमरेपर्यंतचा रबरी माणूस, त्याच्या छातीवर सीपीआर शिकवायचा, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती कशी दाबायची ते. गिऱ्हाईक म्हणजे समोरच्या स्टँडचे रिक्षावाले, चौकीतले पोलीस, एनसीसीची पोरं आणि भेटायच्या वेळेची वाट बघणारे नातेवाईक. मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान पाच सेंटिमीटर खोल, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. सांगायला सोपं, पण दोन मिनिटांत भल्याभल्यांच्या मनगटांना घाम फुटतो. एका वर्षी ढोलपथकातला एक मुलगा आला आणि घड्याळाकडे न बघता असा तालात बसला की आमचे लेक्चरर सर इंटर्नना म्हणाले, "याच्याकडे शिका." तो मुलगा पुढची दोन वर्षं आपणहून आला, आणि येताना मित्रांनाही घेऊन आला.

भूलवाल्याला पेशंट ओळखत नाही, ही आमच्या धंद्याची जुनी खंत. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी आम्ही खाटेपाशी जाऊन तोंड उघडायला लावतो, मान वाकवून बघतो, दम्याचं आणि दातांचं विचारतो, आणि दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्यावर तो हात जोडतो सर्जनला. पोर्चमधला तो तास या हिशेबातून आम्हाला मोकळं करायचा. तिथे लोक आमच्याशीच बोलायला आलेले असायचे. "साहेब, मणक्यात सुई दिली की जन्मभर कंबर दुखते ना?" हा प्रश्न दरवर्षी यायचा. उत्तर द्यायला मॅडम मुद्दाम पहिल्या वर्षाच्या पोराला पुढे करायच्या.

पोर्चच्या भिंतीवर पोस्टर. त्यात एक रांग त्या वर्षीच्या प्रबंधांची, साध्या मराठीत लिहिलेली. आम्ही नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे विद्यार्थी. एमडीच्या तीन वर्षांत एक प्रबंध पुरा करायचा, त्याआधी एथिक्स कमिटीची परवानगी घ्यायची. खरं सांगायचं तर त्यातले निम्मे प्रबंध स्पायनलच्या, म्हणजे मणक्यात सुईने द्यायच्या भुलीच्या, औषधात आणखी एक औषध मिसळून कोणती भूल जास्त टिकते हे बघणारे. जगाला त्यांची फार निकड होती असं मला वाटत नाही. पण मॅडमचा एक नियम होता: प्रत्येकाने आपला प्रबंध ओटीतल्या एका मावशींना दोन मिनिटांत समजावून द्यायचा. मावशी बाकावर बसून ऐकायच्या आणि शेवटी विचारायच्या, "मग कोणाला कुठलं औषध द्यायचं ते तू ठरवलंस की चिठ्ठीनं ठरलं?" बंद पाकिटातल्या चिठ्ठीने ठरवायचं, म्हणजे आपली आवडनावड मध्ये येत नाही, हे आम्हाला एका मोठ्या थोरल्या सेमिनारपेक्षा त्या बाकाने पक्कं शिकवलं.

दुसऱ्या रांगेत एक पोस्टर कायमचं होतं, हैदराबादचं. १८८८ आणि १८८९ साली निजामाच्या पैशावर तिथे क्लोरोफॉर्मची भूल देताना होणाऱ्या मृत्यूंची चौकशी झाली. दुसऱ्या खेपेला 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने लंडनहून डॉक्टर लॉडर ब्रंटन यांना धाडलं. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले आणि हैदराबादचे सर्जन एडवर्ड लॉरी यांचं म्हणणं ग्राह्य धरलं गेलं: आधी श्वास थांबतो, हृदयाचं भय नको. पुढे १९११ साली गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखवलं की क्लोरोफॉर्मच्या हलक्या भुलीत हृदयाची लयच बिघडून जीव जाऊ शकतो. प्रबंधाच्या आकड्यांवर फुगलेला रेसिडेंट दिसला की मॅडम त्याला त्या पोस्टरपाशी उभं करायच्या आणि काही न बोलता निघून जायच्या.

दुपारी जेवण, आणि मग नाटक. लेक्चर हॉलमध्ये, भुलीच्या शोधाचं तेच नाटक, दरवर्षी. प्रवेश पहिला: जॉर्जियातल्या जेफरसन गावी डॉक्टर क्रॉफर्ड लाँग १८४२ मध्ये ईथर देऊन गाठ काढतो आणि गप्प बसतो. छापतो थेट १८४९ साली, तोवर जग पुढे गेलेलं. प्रवेश दुसरा: १८४५, दंतवैद्य होरेस वेल्स लाफिंग गॅस देतो, पेशंट ओरडतो, प्रेक्षक हुर्यो करतात. ती हुर्यो करायला एमबीबीएसची पोरं खास बोलावलेली असत. वेल्सची भूमिका सगळ्यांना हवी असायची, कारण रडायला आणि हसवायला दोन्हीला वाव. प्रवेश तिसरा मॉर्टनचा. खरा मॉर्टनही त्या दिवशी उशिरा पोचला होता, हुंगवण्याचं भांडं तयार होईना म्हणून. आमचा मॉर्टन न सांगता उशिरा यायचा, कारण तो हमखास इमर्जन्सी ड्यूटीवरचा असे आणि सिझेरियन संपवून हिरव्या कपड्यांतच धावत येई. वॉरनच्या भूमिकेत सर्जरी विभागातले खरे सर. त्यांना एकच वाक्य: "सद्गृहस्थहो, ही फसवाफसवी नव्हे!" तेवढ्यासाठी ते सकाळपासून घसा साफ करत.

शेवटी मॉर्टन ईथरमध्ये रंग आणि सुगंध मिसळून 'लेथिऑन' नावाने पेटंट घेतो, वास लगेच ओळखू येतो, आणि चौथा दावेदार, केमिस्ट चार्ल्स जॅक्सन, भांडायला येतो. पडदा पडायचा तो या भांडणावर. मग मॅडम उठून विचारायच्या, "श्रेय कोणाचं?" दरवर्षी सभागृहात दोन तट. पण प्रबंध रखडलेल्यांकडे बघून ठोकायचं त्यांचं वाक्य ठरलेलं: "लाँग व्हायचंय का? लिहा आधी." त्यामुळे सबमिशनची तारीख चुकवणाऱ्याला आमच्या विभागात "लाँग झाला" म्हणत. बाहेरगावी परीक्षेला गेलो तेव्हा तिथल्या पोरांना हे कळेना.

मॅडम निवृत्त झाल्या. नाटक आता जूनियर करतात आणि त्यांनी त्यात एक नवा प्रवेश घातलाय: हैदराबादला लॉरींच्या हाताखाली शिकलेल्या रूपाबाई फर्दूनजी, जगातल्या अगदी सुरुवातीच्या स्त्री भूलतज्ज्ञांपैकी एक. जुन्या बॅचचे काही जण कुरकुरले, नाटक लांबतं म्हणे. मला तो प्रवेश आवडला. एवढंच वाटतं की तो मॉर्टनच्या आधी घालावा, म्हणजे सिझेरियन आटपायला मॉर्टनला दहा मिनिटं जास्त मिळतील.