मी फक्त बॅचचा रिपोर्ट मागितला होता

आज तो डबा एकदाचा परत गेला. कुरिअरवाल्या मुलाने पावती हातात ठेवली तेव्हा मी त्याला चहा विचारला, एवढी खूश होते मी. तेवीस दिवस ती एक किलोची भानगड आमच्या फ्रिजवर बसून होती.

तर झालं असं, की जानेवारीत आई बाथरूममध्ये घसरली आणि उजवं मनगट गेलं. वय ७१. प्लास्टर, नंतरचे व्यायाम, सगळं नीट झालं. रक्तात व्हिटॅमिन डी ११ निघालं, म्हणजे २० च्या खाली ती कमतरताच, तेव्हा डॉक्टरांनी ६०,००० युनिटचं पाकीट आठवड्यातून एकदा असं आठ आठवडे दिलं, रोजची कॅल्शियमची गोळी दिली आणि आम्ही उठता उठता म्हणाले, प्रोटीन कमी पडतंय यांना, पावडर दिलीत तरी चालेल. कुठली, किती, काही नाही. मीपण विचारलं नाही कारण बाहेर पंधरा पेशंट ताटकळत होते आणि मला वाटलं पावडर म्हणजे पावडर, त्यात काय विचारायचंय.

माझा भाचा जिमला जातो. तो म्हणाला, आत्या, ही घे, डोळे झाकून घे. मी घेतली. डोळे झाकूनच. ऑनलाइन, व्हॅनिला, २,३४९ रुपये, 'आजच्या दिवसापुरती' सूट, जी नंतर महिनाभर चालूच होती.

डबा आला. झाकणावर चंदेरी पट्टी, ती नाण्याने खरवडायची, खालचा कोड कंपनीच्या साइटवर टाकायचा की डबा खरा का खोटा ते कळतं. मी टाकला. उत्तर आलं, हा कोड याआधी तीन वेळा तपासला गेला आहे. अहो, पट्टी आत्ता माझ्यासमोर खरवडली, चंदेरी चुरा अजून ओट्यावर पडलाय, तर तीन वेळा कुणी तपासला?

इथून पुढचं सगळं लिहिते कारण डोकं अजून शांत झालेलं नाहीये.

कंपनीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आधी मशीन बोलतं. पर्याय चार, ऑर्डर, डिलिव्हरी, डाएट प्लॅन आणि 'माझं फिटनेस गोल'. माल खरा आहे का हा पर्यायच नाही. दोन दिवस 'एजंटशी बोलायचंय' असं टाइप करत राहिले तेव्हा एक खराखुरा माणूस आला आणि त्याने पहिलं वाक्य लिहिलं, "हाय मॅम, वर्कआउट कसं चाललंय?" मी म्हटलं, प्लास्टर निघालंय, आता मूठ वळवतात.

कोडबद्दल म्हणाला, तुम्हीच चुकून परत परत टाकला असेल मॅम. बरं, असेल बाबा. मग मी सरळ विचारलं की या बॅचचा लॅब रिपोर्ट पाठवा, म्हणजे विषय संपला. जाहिरातीत तर मोठ्या अक्षरात लिहिलंय की प्रत्येक बॅच तपासलेली असते. तो म्हणाला ४८ तासांत पाठवतो. हे ४८ तास मी तीनदा ऐकले.

पहिला रिपोर्ट आला तो चॉकलेटचा. आमचा व्हॅनिला. कळवलं. सॉरी मॅम, ४८ तास.

दुसरा आला व्हॅनिलाचा, पण बॅच नंबर वेगळा, शेवटचे दोन आकडे जुळेनात. डब्याच्या बुडाचा फोटो काढून, आकड्यांना लाल गोल करून पाठवला. उत्तर, "मॅम, दोन्ही सेमच आहेत, फॉर्म्युला सेम आहे." आता यांना कोण सांगणार की फॉर्म्युल्याबद्दल शंकाच नाही माझी, त्या दिवशी त्या पिंपात नक्की काय पडलं ते विचारतेय मी. आपण लोणचं दरवर्षी त्याच मापाने घालतो, म्हणून दरवर्षी बरणी टिकते का?

तिसरा रिपोर्ट बारा दिवसांनी. बॅच नंबर बरोबर! मी खूश. आईला हाकसुद्धा मारली. मग चष्मा लावून वाचायला बसले तर लॅबला नमुना मिळाल्याची तारीख जुलैची आणि डब्यावर उत्पादन ऑगस्टचं. म्हणजे माल तयार व्हायच्या आधीच पास झाला होता. विचारलं तर म्हणे टायपो. शिवाय शिसं, आर्सेनिक, कॅडमियम, पारा या चार रकान्यांत एकही आकडा नाही, नुसतं 'कम्प्लाइज', म्हणजे नियमात बसतंय. कम्प्लाइज म्हणजे किती? मुलगा नापास झाला की प्रगतिपुस्तक लपवतो, तसा प्रकार वाटला मला.

तोपर्यंत मी इतकं वाचून काढलं होतं की नीट रिपोर्ट कसा दिसतो ते आता कळतं. लॅबचं नाव, एनएबीएलचा (लॅबना मान्यता देणारी संस्था) टीसीने सुरू होणारा सर्टिफिकेट नंबर, नमुना कधी आला, कधी तपासला, कोणत्या पद्धतीने, आणि प्रत्येक गोष्टीपुढे आकडा आणि त्याची मर्यादा. अगदी सापडलंच नाही तरी 'मोजता येईल त्यापेक्षा कमी' असं लिहून ते किती तो आकडा देतात. प्रोटीनचं तर अजून वेगळंच गौडबंगाल आहे. प्रोटीन सहसा थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात आणि दुधाच्या पदार्थाला ६.३८ ने गुणतात. मग कुणी ग्लायसिन नाहीतर टॉरिन असलं स्वस्तातलं सुटं अमिनो अ‍ॅसिड ढकललं तरी नायट्रोजन वाढतो आणि कागदावर प्रोटीन झकास. म्हणून घटकांच्या यादीत ही नावं वेगळी लिहिलेली दिसली की थांबायचं, आणि रिपोर्टात, प्रोटीन ज्यांचं बनतं त्या, अमिनो अ‍ॅसिडचा पूर्ण तक्ता मागायचा. मागा म्हणजे, मिळेल तेव्हा मिळेल. मी उगाच संशय घेत नव्हते, २०२४ मध्ये भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी डॉक्टरांच्या एका गटाने तपासून घेतल्या होत्या, त्यात २५ डब्यांवरचा प्रोटीनचा आकडा खरा नव्हता.

हे खरं तर सगळ्यात आधी लिहायला हवं होतं, रिटर्नची मुदत चालू असताना असल्या ४८ तासांवर विसंबून बसू नका. माझी सात दिवसांची मुदत त्या चॉकलेट आणि व्हॅनिलाच्या घोळात संपली आणि वेबसाइटवाले म्हणाले खाण्याची वस्तू परत होत नाही. आतलं सील मी फोडलंच नव्हतं, ते फोटो कामाला आले. डबा उघडताना व्हिडिओ काढा, भाचा हे आधी बोलला होता आणि मी हसले होते.

शेवटी १९१५ ला, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला. तक्रारीचा नंबर मिळाला, तो कंपनीला कळवला, आणि काय सांगू, तिसऱ्या दिवशी मला 'वर्कआउट' न विचारता थेट एका वरिष्ठ बाईंचा फोन. पैसे परत, डबा आम्ही नेतो. रिपोर्टबद्दल चकार शब्द नाही. तो रिपोर्ट मला आजतागायत मिळालेला नाही, लिहून ठेवा.

मधल्या काळात मी अजून एक उद्योग केला होता. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात कलम ४० आहे, त्यात साधा गिऱ्हाईकसुद्धा फी भरून वस्तू सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो, आणि माल नियमाबाहेर निघाला तर फी परत. वाचून मला स्फुरणच चढलं. पुढची ओळ अशी की घेतानाच दुकानदाराला सांगायचं, हे मी तपासायला देणार आहे. आमच्या मेडिकलवाल्या काकांना विचारून बघितलं, असं कुणी तुम्हाला म्हटलं तर? काका म्हणाले, "ताई, मग मी म्हणेन घेऊच नका की!" आणि ऑनलाइनवाल्यांना तर सांगायचं तरी कुणाला, त्या मशीनला?

लायसन्सचं सांगायचं राहिलं. डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी नंबर असतो. पहिला आकडा १ म्हणजे लायसन्स, २ म्हणजे छोट्या धंद्याची नुसती नोंदणी. पुढचे दोन राज्याचे, आपल्या महाराष्ट्राचे १५, आणि शून्य शून्य असेल तर केंद्राचं लायसन्स. फॉसकॉस या त्यांच्याच लायसन्सच्या साइटवर नंबर टाकला की कंपनीचं नाव, पत्ता, लायसन्स चालू आहे की नाही ते दिसतं, दोन मिनिटांचं काम. डब्यावर 'मार्केटेड बाय' आणि 'मॅन्युफॅक्चर्ड बाय' अशी दोन नावं असली तर दोन्ही नंबर बघा, कारण आपल्याला माहीत असलेलं नाव बऱ्याचदा फक्त स्टिकर लावणाऱ्याचं असतं, माल भलतीकडेच बनतो. पण माझी जी चूक झाली ती करू नका, नंबर खरा निघाला म्हणून मी निश्चिंत झाले होते. लायसन्सचा अर्थ यांना धंदा करायची परवानगी आहे एवढाच. तुमच्या हातातल्या डब्याबद्दल तो नंबर काहीच सांगत नाही.

कॅल्शियमचीही एक गंमत झाली. डॉक्टरांनी लिहिलेली स्ट्रिप नव्हती, काकांनी "सेम कंटेंट" म्हणून दुसरी दिली. घरी येऊन पाहते तर एकीवर औषधाचं लायसन्स आणि दुसरीवर एफएसएसएआयचा नंबर, खाली 'हेल्थ सप्लिमेंट' आणि 'नॉट फॉर मेडिसिनल यूज'. दिसायला जुळ्या बहिणी, पण एक औषध आणि दुसरी कायद्याने अन्न. अन्नवाली वाईटच असते असं नाही, पण डॉक्टरांनी औषध लिहिलंय तर मला औषधच हवंय, मी परत करून आले. आणि १२५० मिलिग्रॅम वाचून हुरळू नका, ते कॅल्शियम कार्बोनेटचं वजन असतं, त्यातलं खरं कॅल्शियम ४० टक्के, म्हणजे ५००. ती गोळी जेवणासोबत. आई सकाळी थायरॉइडच्या गोळीबरोबरच ही पण घेत होती, एका घोटात दोन्ही, कटकट नको म्हणून! दोन्हींत चार तासांचं अंतर लागतं, नाहीतर थायरॉइडची गोळी अंगी लागत नाही. हे मला पावडरच्या भांडणात कळलं, तेवढाच त्या तेवीस दिवसांचा फायदा.

आणि हो, 'सांधेदुखी मुळापासून बरी' असं सप्लिमेंटच्या डब्यावर दिसलं तर खाली ठेवा, आजार बरा करतो असं त्यांना लिहिताच येत नाही. 'स्पेशल ब्लेंड' लिहून आत कशाचं किती ते न सांगणारेही नकोत. हळद, अश्वगंधा असं घरचं वाटणारं नाव असलं तरी गोळीतला अर्क वेगळा, त्याने लिव्हर बिघडल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत, आपण चिमूटभर हळद आमटीत घालतो ती निराळी.

शेवटी आहारतज्ज्ञ बाईंकडे गेलो, जे खरं तर पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. त्यांनी आधी क्रिएटिनिनचा रिपोर्ट मागितला, किडनी बघितल्याशिवाय प्रोटीन वाढवायचं नाही म्हणाल्या. मग आईचा दिवसभराचा जमाखर्च मांडला. वजन ५२ किलो, किलोमागे साधारण एक ग्रॅम धरला तर ५२ ग्रॅम. आणि आईच्या पोटात जात होते जेमतेम ३५, दोन्ही वेळेला दोन पोळ्या नि वाटीभर आमटी, वर दुधाचा चहा. म्हणजे खड्डा सतरा ग्रॅमचा, आणि मी आणला होता किलोचा डबा! पेलाभर दूध नि थोडं पनीर वाढवल्यावर अर्धा स्कूपच उरला. त्यासाठी छोटं पाकीट घेतलं, बिनचवीचं, साखर नसलेलं, ज्यांच्या साइटवर बॅच नंबर टाकला की त्या बॅचचा रिपोर्ट उघडतो, आकड्यांसकट. घेण्याआधी काकांनी मला पाकिटाच्या मागचा फोटो काढू दिला, मी तिथेच काउंटरला टेकून नंबर टाकला. मागे रांग लागली होती. लागू दे.

आई ते ताकात घालून पिते आणि रोज म्हणते की याला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो.

पण तिला आता नाद लागलाय. भिंग घेऊन घरातलं प्रत्येक पाकीट वाचते. मघाशी मी हे लिहीत बसले होते तर स्वयंपाकघरातून हाक, "अगं, इकडे ये, हिंगाच्या डबीवर तेराच आकडे आहेत!" गेले, बघितलं. चौदावा तिच्या अंगठ्याखाली होता.